पोटात पाणी झालंय: पहिल्या सोनोग्राफीपासून पुढे काय काय करायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘असायटिस’, म्हणजे पोटात पाणी, हा शब्द आला की घरात दोन गोष्टी हमखास होतात. रुग्णाचं पाणी पिणं मोजायला सुरुवात होते, आणि कुणीतरी जाणतं माणूस सांगतं, ‘पोटातलं पाणी काढू देऊ नका, एकदा काढलं की काढतच बसावं लागतं.’ दोन्ही सल्ले प्रेमापोटीच दिलेले असतात, पण दोन्हींमुळे वेळ वाया जातो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मोजायचं असतं ते मीठ. आणि पोटातलं थोडंसं पाणी काढून तपासल्याशिवाय उपचार सुरू करणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे काम.

पोटात पाणी होणं, म्हणजे जलोदर, हा स्वतः आजार नाही. कुठल्या तरी दुसऱ्या आजाराचं ते लक्षण आहे. बहुतेक वेळा तो आजार यकृताचा असतो, म्हणून या लेखाचा मोठा भाग लिव्हर सिरोसिसमुळे, म्हणजे यकृत कडक आणि गाठाळ झाल्यामुळे, होणाऱ्या पाण्याबद्दल आहे. टीबी, कॅन्सर, हृदय किंवा किडनीमुळे होणाऱ्या पाण्याचे नियम कुठे वेगळे आहेत, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. औषधांची मात्रा दिली आहे ती डॉक्टर काय करतायत हे कळावं म्हणून. गोळी कमीजास्त करायची ती त्यांना विचारूनच.

हे पाणीच आहे का?

पोट सुटणं, गॅस होणं आणि पाणी होणं यात सुरुवातीला गल्लत होते. चरबी महिनोन्महिने वाढते, पाणी दोन-तीन आठवड्यांत वाढतं. हातपाय, दंड, गाल वाळत चाललेत आणि पोट मात्र पुढे येतंय, अशी जोडी दिसली तर संशय घ्यावा. उताणं झोपल्यावर पोट दोन्ही कुशींकडे पसरतं, बेंबी सपाट होते किंवा बाहेर येते, पायजम्याची नाडी किंवा साडीची गाठ रोज थोडी सैल करावी लागते. घोट्यापाशी बोटाने दाबलं की खळगा राहतो. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, कारण बाहेरून जठरावर दाब असतो.

डॉक्टरांना हाताने आणि ठोकून तपासताना पाणी नीट कळायला साधारण दीड लिटर तरी साठलेलं असावं लागतं. सोनोग्राफीत शंभर मिलीलिटरही दिसतं. म्हणून ‘डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, काही नाही म्हणाले’ एवढ्यावर थांबू नये. वजन वाढत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

पाणी येतं कुठून

हे पाणी जठरात नसतं, आतड्यातही नसतं. पोटातल्या अवयवांभोवती जे पातळ आवरण असतं, त्याच्या दोन पदरांमधल्या जागेत ते साठतं. म्हणजे प्यालेलं पाणी थेट तिथे जाऊन साचत नाही.

आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. सिरोसिसमध्ये यकृत कडक आणि गाठाळ होतं आणि रक्ताची वाट अडते. धरणाच्या मागे फुगवटा चढत जावा तसा त्या शिरेतला दाब मागे मागे वाढतो आणि द्रव बाहेर पाझरू लागतो. त्याच वेळी आतड्याकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, बरंच रक्त तिथेच रेंगाळतं आणि किडनीला वाटतं की शरीरात रक्त कमी पडलंय. मग ती मीठ धरून ठेवते. लघवीतून सोडियम जवळजवळ जातच नाही, आणि मीठ जिथे थांबतं तिथे पाणी थांबतं. शिवाय यकृतात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी तयार होतं. रक्तातला द्रव रक्तवाहिनीत धरून ठेवणं हे त्याचं काम, तेही ढिलं पडतं.

पथ्य मिठाचं का, याचं उत्तर एवढंच. पाणी पिण्यावर बंधन घालायची वेळ येते ती रक्तातलं सोडियम खूप उतरलं, साधारण १२५च्या खाली गेलं तर, आणि तेव्हा डॉक्टर किती प्यायचं ते आकड्यात सांगतात. तोपर्यंत तहानलेल्या माणसाला अर्ध्या भांड्यावर ठेवण्यात काही हशील नाही.

आणखी एक गोष्ट. सिरोसिस म्हणजे दारू हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की न पिणाऱ्या बायका आणि मंडळी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आजार लपवतात. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेला हल्ला, यांनीही तोच सिरोसिस होतो.

पहिली पायरी: पाणी तपासून घ्या

पोटात पहिल्यांदा पाणी आढळलं, किंवा पाणी असलेला रुग्ण कुठल्याही कारणाने दवाखान्यात दाखल झाला, की सुईने थोडं पाणी काढून तपासायला पाठवायचं असतं. साधारण वीस-तीस मिलीलिटर पुरतं. ‘रक्त पातळ आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढलाय, सुई नको’ असं काही ठिकाणी सांगतात. सिरोसिसच्या रुग्णात हे आकडे बिघडलेलेच असतात, आणि तरीही या तपासणीत गंभीर रक्तस्राव क्वचितच होतो. तपासणी टाळण्यातला धोका बहुधा मोठा असतो.

रिपोर्टमध्ये बघायच्या गोष्टी चारच.

पहिली, अल्ब्युमिनमधला फरक. त्याच दिवशीच्या रक्तातलं अल्ब्युमिन घ्यायचं आणि त्यातून पोटातल्या पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करायचं. समजा रक्तात २.६ आहे आणि पाण्यात ०.९, तर फरक १.७. हा फरक १.१ किंवा जास्त असेल तर पाणी शिरेतल्या वाढलेल्या दाबामुळे आहे: सिरोसिस, हृदयविकार, यकृताच्या शिरांमधली गुठळी. फरक १.१च्या आत असेल तर टीबी, आवरणावर पसरलेला कॅन्सर, स्वादुपिंडाचा आजार किंवा किडनीतून प्रथिन वाहून जाणं, या बाजूला शोध घ्यायचा. या एका वजाबाकीने अर्धा रस्ता कळतो, म्हणून रक्त आणि पाणी दोन्ही नमुने एकाच दिवशी दिलेत ना, हे स्वतः बघा.

दुसरी, पाण्यातलं एकूण प्रथिन. अल्ब्युमिनचा फरक जास्त आणि प्रथिनही २.५ ग्रॅमच्या वर, असं दिसलं की हृदयाची टू-डी इको केलीच पाहिजे. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, पाय आधी सुजले मग पोट, जिना चढताना धाप, ही हृदयाची लक्षणं यकृताच्या फायलीखाली दबून जातात.

तिसरी, पेशींची मोजणी. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त असतील तर पाण्यात जंतुसंसर्ग झालाय असं धरून त्याच दिवशी शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीची, वाट बघत नाहीत. कल्चरचं पाणी पलंगाशीच, रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत टाकलं तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. साध्या डबीत पाठवलं तर पुष्कळदा काहीच उगवत नाही.

चौथी, एडीए, म्हणजे टीबीचा अंदाज देणारी तपासणी. साधारण ४०च्या वरचा आकडा टीबीकडे बोट दाखवतो. पाण्यात टीबीचे जंतू थेट दिसणं दुर्मीळ, त्यामुळे ‘जंतू नाहीत’ म्हणजे ‘टीबी नाही’ असं नव्हे. शंका राहिली तर दुर्बिणीने आत बघून आवरणाचा तुकडा तपासतात.

इथे बायकांच्या बाबतीत एक खास सूचना. पोटात पाणी आणि रक्तात सीए-१२५ (कॅन्सरच्या शंकेने तपासतात तो आकडा) वाढलेला, एवढ्यावर अंडाशयाचा कॅन्सर म्हणून घरात रडारड झालेली अनेकांनी पाहिली असेल. हा आकडा सिरोसिसच्या पाण्यातही वाढतो आणि पोटाच्या टीबीतही चांगलाच वाढतो. टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. ही औषधं सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसे थेट खात्यात येतात. म्हणून तुकड्याची तपासणी हातात येईपर्यंत कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला तरी तो पक्का धरू नये.

पाण्याचा रंगही विचारून घ्या. गवताच्या काडीसारखं पिवळसर आणि स्वच्छ असेल ते नेहमीचं. गढूळ असेल तर संसर्ग, दुधाळ असेल तर लसिकावाहिन्यांची अडचण, लालसर असेल तर कॅन्सर, टीबी किंवा सुईनेच लागलेली शीर.

दुसरी पायरी: ताटाची डावी बाजू

दिवसाला दोन ग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सगळं मिळून. काही डॉक्टर थोडी ढील देतात, साडेसहा ग्रॅमपर्यंत. पूर्ण अळणी मात्र कुणी सांगत नाही आणि ते करूही नये, कारण अळणी जेवणाने रुग्ण जेवणच सोडतो.

मराठी स्वयंपाकाची यात एक मोठी सोय आहे, जी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीच्या पिठात बहुतेक घरांत मीठ घालत नाहीत. साध्या भातात घालत नाहीत. दूध, दही, घरचं ताक, फळं, यांनाही वरून मीठ लागत नाही. म्हणजे ताटाची उजवी बाजू आणि मधला भात बराचसा हाताशी आहे. घात करते ती डावी बाजू: लोणचं, पापड, चटणी, ठेचा, कोशिंबिरीवरचं मीठ, आणि पानात आधीच वाढलेली ती चिमूट. वाढतानाच डावी बाजू लिंबाच्या फोडीवर आणि बिनमिठाच्या कोशिंबिरीवर आणली, तर निम्मं काम झालं.

पोळीच्या कणकेतलं मीठ काढून टाका, चार दिवसांत कळतही नाही. आमटी-भाजी आधी मिठाशिवाय शिजवा, रुग्णाची वाटी बाजूला काढा आणि मग बाकीच्या पातेल्यात मीठ घाला. सकाळी एका लहान डबीत चहाचा अर्धा, फार तर पाऊण चमचा मीठ काढून ठेवायचं. रुग्णाच्या जेवणात दिवसभर त्या डबीतलंच मीठ पडेल. बाकीचा वाटा अन्नात नैसर्गिकरीत्या असतो. डबी संध्याकाळीच रिकामी झाली तर रात्रीची आमटी लिंबावर. हा हिशेब डोळ्यांना दिसतो, म्हणून टिकतो.

चव आणायला लिंबू, चिंच, आलं, लसूण, मिरी, जिरं, ओवा, कोथिंबीर, तिरफळ, घरचा बिनमिठाचा मसाला. कोकम वापरताना जपून: आगळात भरपूर मीठ असतं आणि आमसुलांनाही बरेचदा लावलेलं असतं. सुकट, सुके बोंबील, खारवलेला मासा हे कोकणातल्या माणसाला तोडायला सर्वांत जड जातं, पण तिथे तडजोड नाही. ताजा मासा चालतो, चांगला शिजवलेला. कालवं, तिसऱ्या अर्धकच्च्या नकोत, यकृत खराब असलेल्याला त्यातल्या जंतूंनी जिवावर बेततं.

लपलेलं मीठ वेगळंच. पाव, खारी, बिस्किटं, फरसाण, वडापाव, इन्स्टंट नूडल्स, सॉस, सूपची पाकिटं, पापडखार, खाण्याचा सोडा, इनो, पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या. सैंधव आणि काळं मीठ ‘चालतं’ असा समज आहे, पण तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठाचा पुडा तर मुळीच आणू नका. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि पुढे सांगितलेल्या गोळीबरोबर ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. शहाळ्याचं पाणी रोज पाजायचा मोह होतो, त्याबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा, कारण तेच.

मीठ कमी, जेवण कमी नव्हे

कावीळ आणि यकृत म्हटलं की आपल्याकडे हळद बंद, तेल-तूप बंद, डाळ बंद, आणि उसाचा रस सुरू. पिवळे डोळे बघून हळद बंद करण्याला काहीही आधार नाही. डाळ-दूध-अंडी बंद करणं तर नुकसानीचं आहे. सिरोसिसमध्ये शरीर स्वतःचे स्नायू खाऊन गुजराण करतं, म्हणूनच पोट मोठं आणि दंड काटकुळे दिसतात.

पाणी सोडून जे खरं वजन आहे त्याच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागतं. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९०. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, म्हणजे हे सहज जमणारं नाही. मुद्दाम ठरवून द्यावं लागतं. पोटावर दाब असल्याने दोन वेळा पोटभर जेवण जमत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, आणि झोपण्याआधीचं खाणं चुकवू नका: दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, किंवा दूध-पोहे. रात्रभराचा उपास यकृताच्या रुग्णाला दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखा पडतो. म्हणून एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, यातून रुग्णाला सुट्टी. घरातल्या ज्येष्ठांनीच हे सांगितलं तर रुग्ण ऐकतो.

मधुमेह असेल तर लाडवाच्या जागी काय, हे आहारतज्ज्ञाला विचारावं लागेल.

तिसरी पायरी: लघवीच्या गोळ्या आणि वजनाची वही

सिरोसिसच्या पाण्यावर मुख्य गोळी स्पायरोनोलॅक्टोन. तिच्या जोडीला बरेचदा फ्युरोसेमाइड, शंभरास चाळीस या प्रमाणात, म्हणजे पोटॅशियम एकीने वाढलं तरी दुसरीने घटून तोल राहतो. मात्रा हळूहळू वाढवतात, जास्तीत जास्त ४०० आणि १६० मिलिग्रॅमपर्यंत. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून ‘दोन दिवस झाले, फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका. गोळ्या सकाळी घ्यायच्या, नाहीतर रात्रभर उठबस होते आणि अंधारात पडण्याची भीती.

वही शंभर पानी पुरे. रोज सकाळी, शौच-लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत वजन करायचं. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. शेजारच्या रकान्यांत: बेंबीवरून पोटाचा घेर, शौच किती वेळा, ताप, आणि ‘बोलणं-झोप’ असा एक रकाना. घेर टेप कशी धरली यावर बदलतो, खरा भरवसा वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.

आता वही वाचायची कशी. पायाला सूज नसेल तर रोज अर्धा किलोपर्यंतच वजन उतरलं पाहिजे. पायाला सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. पोटाच्या आवरणातून दिवसाकाठी साधारण अर्धा लिटरच पाणी रक्तात परत येऊ शकतं. त्याहून जास्त लघवी झाली तर ती रक्तातल्या द्रवातून होते आणि किडनीवर ताण येतो. समजा सोमवारी ६४.२, मंगळवारी ६३.८, बुधवारी ६३.४ असं असेल तर उत्तम. मंगळवारी ६४.२ आणि बुधवारी एकदम ६२.६ झालं, पाय कोरडे आहेत, तर आनंद मानू नका, फोन करा. उलट गोळ्या नियमित असून आठवडाभर वजन हलतच नसेल तर बहुधा कुठूनतरी मीठ येतंय. डॉक्टर लघवीतलं सोडियम तपासायला सांगतात ते यासाठीच. लघवीतून भरपूर सोडियम जातंय आणि तरी वजन उतरत नाही, याचा अर्थ पथ्य मोडतंय. इथे रुग्णाला रागावण्यापेक्षा त्याच्या खिशातला शेंगदाण्याचा खारा पुडा शोधलेला बरा.

गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर आठवडाभरात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या, डॉक्टर सांगायला विसरले तरी विचारा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून लघवीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात. पायात वांब येत असतील तर तेही सांगा. पुरुषांना स्पायरोनोलॅक्टोनने कधी कधी स्तन दुखतात, तिथे गाठ-सूज येते. लाजेपोटी ते कुणाला सांगत नाहीत आणि गोळी परस्पर बंद करतात. याला पर्यायी गोळ्या आहेत, बोलायला हवं एवढंच.

काही औषधं मात्र घरातून काढूनच टाका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसेक्लोफिनॅक, निमेसुलाइड, म्हणजे गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून सहज आणतो त्या सगळ्या वेदनाशामक गोळ्या. त्या किडनीकडचा रक्तपुरवठा कमी करतात, लघवीची गोळी निकामी करतात. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही दिवसात दोन ग्रॅमच्या आत. ब्लड प्रेशरची जुनी गोळी चालू असेल तर तिचं नाव यकृताच्या डॉक्टरांना दाखवा, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या गोळ्या बहुधा बंद करतात. आणि काढे. कावीळ उतरवणारे, पुडीवाले, व्हॉट्सअॅपवरचे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला. वाद काहीही असो, आधीच जेमतेम चालणाऱ्या यकृतावर असा प्रयोग करून पाहण्यात शहाणपण नाही.

पाणी कॅन्सरमुळे असेल, टीबीमुळे असेल, तर मिठाचं पथ्य आणि या गोळ्या यांचा फारसा उपयोग होत नाही. अल्ब्युमिनचा फरक १.१च्या आत आलाय आणि तरी नुसत्या लघवीच्या गोळ्यांवर महिना काढला जातोय, तर प्रश्न विचारायची वेळ झाली.

चौथी पायरी: पाणी काढणं

पोट टम्म ताणलंय, झोपता येत नाही, श्वास पुरत नाही, अशा वेळी गोळ्यांची वाट न बघता पाणी काढतात. काढल्याने ‘सवय’ लागत नाही. पुन्हा साठतं ते मूळ कारण आणि मीठ तसंच असल्यामुळे.

प्रत्यक्षात काय होतं ते माहीत असलं की भीती निम्मी होते. आधी लघवी करून यायचं. उताणं, किंचित डाव्या कुशीकडे कलून झोपवतात. बहुधा डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला, सोनोग्राफीने जागा बघून खूण करतात. भुलीचं छोटं इंजेक्शन चुरचुरतं, मग जाड सुई जाताना दाब जाणवतो, दुखत नाही. नळी लावली की पाणी पिशवीत किंवा बाटलीत उतरायला लागतं. पाच-सहा लिटर उतरायला काही तास जातात. मधूनमधून ब्लड प्रेशर बघतात. पाण्याची धार मंदावली तर कूस बदलायला सांगतात. नळी काम झाल्यावर काढून टाकतात, सिरोसिसच्या रुग्णात ती रात्रभर तशीच ठेवली तर संसर्गाचा धोका.

बिल वाढतं ते अल्ब्युमिनमुळे. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात, नाहीतर नंतरच्या दिवसांत रक्तदाब उतरून किडनी बसते. २० टक्क्यांच्या शंभर मिलीलिटर बाटलीत वीस ग्रॅम असतं. सहा लिटर काढले तर ४८ ग्रॅमपर्यंत, म्हणजे दोन-अडीच बाटल्या. किती लिटर काढणार हे आधी विचारून किती बाटल्या लागतील याचा अंदाज घ्या. पैसे नसतील तर बाटल्या टाळून जास्त पाणी काढण्यापेक्षा पाच लिटरच्या आत थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. नुसता रक्तातला आकडा कमी दिसतो म्हणून, पाणी न काढता, दर आठवड्याला ‘ताकदीची बाटली’ म्हणून अल्ब्युमिन चढवून घेणं हा मात्र बहुतेक वेळा वाया जाणारा खर्च. ते अंड्या-डाळीची जागा घेत नाही.

घरी आल्यावर टोचलेल्या जागेतून थोडं पाणी झिरपू शकतं. विरुद्ध कुशीवर झोपावं, कोरडं ड्रेसिंग बदलत राहावं. दिवसभरानंतरही गळत असेल तर टाका घालून घ्यावा लागतो.

पसरलेल्या कॅन्सरमध्ये वारंवार दवाखान्यात नेणं रुग्णाला सोसत नाही. तिथे पोटात कायमची बारीक नळी ठेवून घरच्या घरी थोडं थोडं पाणी काढायची सोय करता येते. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना विचारा.

त्याच दिवशी दवाखाना

पुढचं काहीही दिसलं तर उद्याची अपॉइंटमेंट, सोमवारची ओपीडी असा विचार करू नये.

- ताप, थंडी, पोट दुखणं किंवा हात लावू न देणं. पाण्यात संसर्ग झाला असताना कधी कधी यातलं काहीच नसतं, रुग्ण फक्त मलूल पडतो. तेही पुरेसं कारण आहे.
- दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात विसंगती, सही बदलणं, शर्टाची बटणं न जमणं, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं.
- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच.
- लघवी एकदम कमी.
- बेंबीचा हर्निया कडक, दुखरा, निळसर झाला, किंवा त्यावरची कातडी कागदासारखी पातळ होऊन पाझरायला लागली.
- धाप. पोटातलं पाणी छातीत, बहुधा उजव्या बाजूला, चढू शकतं.

बोलण्या-झोपेचा रकाना वहीत ठेवायचा तो दुसऱ्या मुद्द्यासाठी. बद्धकोष्ठाने ही गुंगी वाढते, म्हणून लॅक्टुलोजचं सिरप चालू असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकं ते द्यायचं. लोक जुलाब होतात म्हणून ते बंद करतात आणि चौथ्या दिवशी रुग्ण ओळखेनासा होतो.

मुळावर उपचार आणि प्रत्यारोपणाची गोष्ट

दारूमुळे झालेला सिरोसिस असेल तर दारू पूर्ण बंद होणं हे कुठल्याही गोळीपेक्षा मोठं औषध आहे. काही रुग्णांचं पाणी काही महिन्यांत त्यानेच आटोक्यात येतं. ‘फक्त बिअर’ चालत नाही. सोडताना थरथर, भास होत असतील तर तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

हिपॅटायटिस बी आणि सीची औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहेत. सीचा बहुतेकांचा कोर्स बारा आठवड्यांचा, बीची गोळी वर्षानुवर्षं. घरातल्या बाकी मंडळींची बीची तपासणी आणि लस राहून जाते, ती करून घ्या.

पाणी होणं हे सिरोसिसमधलं मोठं वळण आहे. पाणी हटलं तरी यकृत पूर्ववत झालं असं नाही. म्हणून पहिल्यांदा पाणी झालं तेव्हाच, माणूस चालता-बोलता असताना, यकृत प्रत्यारोपणाचं विचारून ठेवावं. गोळ्या पुरेशा असून पाणी हटत नाही, सोडियम उतरतंय, किडनी कुरकुरतेय, अशा वेळी तर नक्कीच. १९९४च्या कायद्यानुसार जवळचा नातेवाईक यकृताचा भाग देऊ शकतो. मेंदूमृत दात्याकडून यकृत मिळण्यासाठी नाव नोंदवावं लागतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांमार्फत हे चालतं, आणि नोंदणी प्रत्यारोपण करणारं रुग्णालय करून देतं. काही रुग्णांत यकृतातून आतल्या आत वाट काढून देणारी नळी, टिप्स, बसवतात. कुणाला ती चालेल हे हृदय आणि मेंदूवरच्या परिणामांचा विचार करून ठरतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवून. प्रत्येक भेटीला फायलीत वर ठेवायचे कागद: वजनाची वही, पोटातल्या पाण्याचा पहिला रिपोर्ट, शेवटची एंडोस्कोपी (दुर्बिणीने अन्ननलिका-जठर बघितल्याचा रिपोर्ट), चालू गोळ्यांची यादी आणि आधीच्या वेळी किती लिटर काढलं, किती अल्ब्युमिन दिलं याची नोंद. रात्री अपरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर जायची वेळ आली तर त्यांना सर्वांत आधी हेच लागतं.